खुलं पत्र: जिवाणू भरलेल्या त्या तीन कॅनबद्दल

आपल्या रहिवासी समितीचे अध्यक्ष साहेब, सेक्रेटरी ताई, खजिनदार भाऊ आणि गेल्या रविवारी क्लब हाउसमध्ये पोहे-जिलेबी खाऊन टाळ्या वाजवणारी समस्त मंडळी, इंदूर

स.न.वि.वि.

चिठ्ठी लिहून सेक्रेटरी ताईंच्या हातात दिली असती तरी चाललं असतं, पण तो कॅनवाला माणूस शेजारच्या दोन कॉलन्यांतही जाऊन आलाय आणि तिकडेही वर्गणीची यादी फिरतेय असं कळलं, म्हणून उघडपणे लिहितोय. घाण खाणारे जिवाणू, म्हणजे त्याचं 'कल्चर', भरलेले तीन कॅन आपण वर्गणी काढून घेणार: एक मागच्या नाल्यात, एक बेसमेंटच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आणि एक बागेच्या कोपऱ्यात. मी बी विंगमधला, मुलं ज्याला 'गटारवाले काका' म्हणतात तो. नाव बरोबर ठेवलंय पोरांनी. पीथमपूरला एका कारखान्याच्या ईटीपीवर २६ वर्षं काढली, म्हणजे घाण पाणी चांगलं करायचं आणि ते काम ज्या जिवांकडून करवून घ्यायचं त्यांना सांभाळायचं, एवढंच माझं करिअर. आम्ही प्लांटवाले त्यांना बग्स म्हणतो. शाळेच्या पुस्तकात जिवाणू म्हणतात.

तर आधी त्या रविवारच्या डेमोबद्दल. दोन बरण्यांत मागच्या नाल्याचं काळं पाणी, एका बरणीत त्याने झाकणभर 'कल्चर' टाकलं, काडीने ढवळलं, आणि दहा मिनिटांत काळं सगळं खाली, वर पाणी नितळ, शिवाय लिंबाचा वास. सगळे वा वा करायला लागले. मी मागे उभा होतो, घरी पाहुणे होते म्हणून वाद नको म्हटलं, चूक झाली माझी, तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. अहो, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आपल्या आज्या काय फिरवायच्या हंड्यात? तुरटी! दहा मिनिटांत पाणी नितळ होणं हे तुरटीचं काम आहे, बग्सचं नाही. बग्स किती फास्ट असतात ते सांगतो, ई-कोलाय नावाचा जो अगदी घाईचा जिवाणू आहे त्याला लॅबमध्ये ३७ डिग्रीला उत्तम खाणं दिलं तर एकाचे दोन व्हायला २० मिनिटं लागतात, आणि अमोनिया खाणारे जे असतात त्यांना तर चांगल्या दिवसातही एक दिवस किंवा जास्त. दहा मिनिटांत कॅनमधला बग अजून झोपेतून उठलेलासुद्धा नसतो. आणि घाण खाली बसली म्हणजे गेली असं नाही, ती बरणीच्या तळाशी तिथल्या तिथे आहे, फक्त दिसण्यापुरती बाजूला झाली. मी नंतर ती बरणी घरी नेली (त्याने टाकून दिली होती, चोरली नाही), झाकण लावून गॅलरीत ठेवली, तिसऱ्या दिवशी उघडली तर सडक्या अंड्याचा असा भपकारा आला की आमच्या सौ.नी मला बरणीसकट खाली पाठवलं.

आता नाला. शुक्रवारी सकाळी पुलाजवळ मी थर्माकोलचा तुकडा सोडून मोजलं, १० मीटर जायला साधारण ३३ सेकंद. रुंदी दोन मीटर धरा, खोली वीतभरही नाही, १५ सेंटीमीटर. म्हणजे सेकंदाला ९० लिटर पाणी जातंय, दिवसाला जवळजवळ ७८ लाख लिटर. तिन्ही कॅन इथेच ओतले असं धरलं तरी ६० लिटर. लेबलवर लिहिलंय एका मिलीत १०० कोटी बग्स, ऐकायला जबरदस्त, खरंही धरू. दिवसभराच्या पाण्यात पसरले तर मिलीला साडेसात-आठ हजार पडतात. आणि साध्या गटाराच्या पाण्यात आधीपासून मिलीला लाखो-करोडो असतातच! म्हणजे सराफ्यात रात्री दहाच्या गर्दीत आपण चार माणसं पाठवायची आणि म्हणायचं गर्दी आमच्यामुळे झाली. शिवाय ते थांबणार कुठे, तासाभरात किलोमीटरभर पुढे, मग कान्ह नदीत, मग क्षिप्रा, मग उज्जैन. २०२८ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी उज्जैनला बायपास करायचं एवढं मोठं काम चाललंय ते उगीच नाही, आपलंच पाणी आहे ते. बग्सना काम करायला एका जागी थांबावं लागतं, काहीतरी धरून बसावं लागतं, आणि हवा लागते. नाल्यात यातलं काहीच नाही. नाल्याचं करायचंच असेल तर वरच्या अंगाला गाड्या धुणारे जे काळं पाणी सोडतात तिथे जाऊन बोलायचं, ते बोलायला कोणी जात नाही कारण तिथे डेमो नसतो आणि पोहेही नसतात.

त्या माणसाने 'अमेरिकेत पेटंट मिळालेला जंतू' असंही सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पेटंटची गोष्ट खरी आहे पण ती त्याच्या कॅनची नाही. आनंद मोहन चक्रवर्ती नावाचे आपले बंगाली शास्त्रज्ञ, जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते, त्यांनी क्रूड तेलाचे वेगवेगळे भाग खाणारा सूडोमोनास नावाचा बग तयार केला, १९७२ मध्ये पेटंटचा अर्ज, आणि जिवंत वस्तूचं पेटंट देता येतं का यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९८० साली ५ विरुद्ध ४ असा निकाल लागून ते जिंकले. फार मोठी गोष्ट. पण तो बग समुद्रावरच्या तेलगळतीवर कधी सोडलाच नाही! उलट १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाज खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावर काय फवारलं माहितेय? खत. नायट्रोजन आणि फॉस्फरस. तिथल्या दगडगोट्यांवर तेल खाणारे बग्स आधीच राहत होते, त्यांच्या ताटात तेल वाढलेलं होतं पण मीठ-भाकरी नव्हती, ती दिली, त्यांनी काम उरकायला सुरुवात केली. विकतची कल्चरं पण तेव्हा टेस्ट करून पाहिली, नुसत्या खतापेक्षा त्यांचा जास्त फायदा काही दिसला नाही.

बाहेरून बग्स आणायचेच नाहीत असं माझं म्हणणं नाही हां. ड्रायक्लीनिंगचं क्लोरीनवालं केमिकल जमिनीखालच्या पाण्यात उतरलं तर ते पूर्ण संपवणारा डीहॅलोकोकॉइडीस म्हणून एक विचित्र प्राणी आहे, त्याला हवा लागली की मरतो, तो त्या जागी नसेल तर बोअरमधून खाली सोडावाच लागतो. आपल्या देशात टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेने ऑइलझॅपर केलं, पाच जातींचे बग्स मक्याच्या कणसाच्या भुशात मुरवून, रिफायनरीच्या तेलकट गाळावर टाकतात. पण तिथे टाकून घरी जात नाहीत, नांगरतात, पाणी देतात, महिनेन्‌महिने सॅम्पल काढतात.

आणि ही विद्या आपल्याला बाहेरच्या माणसाने येऊन शिकवावी याची मला इंदूरकर म्हणून थोडी लाजच वाटली. कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात ती इथे आपल्या ॲग्रिकल्चर कॉलेजच्या जागेवर तयार झाली, १९२४ ते १९३१ दरम्यान, अल्बर्ट हॉवर्ड साहेब आणि त्यांच्याबरोबर केमिस्ट यशवंत वाड, हो, आपल्यातलेच वाड! त्यांनी कुठलं कल्चर विकत आणलं? शेण, काडीकचरा, राख, गुरांच्या गोठ्यातली मुत्राची माती, ओल किती पाहिजे आणि ढीग कधी उलटा करायचा, एवढंच. ढीग वेळेवर उलटायचा म्हणजे आत हवा जाते. सगळी गोम तिथे आहे.

आता मुद्द्याचं, आपली एसटीपी. बेसमेंटच्या कोपऱ्यातली ती टाकी जिच्या वासामुळे हे सगळं रामायण सुरू झालं. तुम्हाला वाटतं तिथे बग्स कमी पडले म्हणून वास येतो आणि तीनातला एक कॅन तिथे ओतायचा. मी बुधवारी रात्री पावणेबाराला खाली गेलो. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद. ऑपरेटर पोरगा म्हणाला, 'काका, अकरा से छह बंद रखने का बोला है, बिल बहोत आता है.' बोललं कोणी ते मी विचारलं नाही. पाच एचपीचा ब्लोअर, सात तास, म्हणजे रात्रीचे साधारण २६ युनिट, महिन्याचे ७८०, सात रुपयाने धरले तर साडेपाच हजाराच्या आत-बाहेर. ते वाचवायचे आणि मग साडेसहा हजाराचा एक असे तीन कॅन, साडेएकोणीस हजार द्यायचे. खजिनदार भाऊ, तुम्ही बँकेतून रिटायर झालात ना?

अहो, रोज सात तास नाक दाबून धरलं तर माणूस जगेल का? बग्स जिवंत आहेत हे आपण विसरतो. पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅम तरी विरघळलेला ऑक्सिजन पाहिजे, तो संपला की हवेवाले मरायला लागतात आणि बिनहवेवाले डोकं वर काढतात, तो वास त्यांचा. मी माझी जुनी लिटरची काचेची नळी घेऊन गेलो होतो, हवा सोडतात त्या एअरेशन टाकीतलं पाणी भरून पायरीवर ठेवली आणि घड्याळ लावून बसलो. ३० मिनिटांची ही टेस्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी. प्लांट तब्येतीत असला की पाच मिनिटांतच वर स्वच्छ पाण्याची रेघ दिसते, खाली चॉकलेटी गाळाचे फुगीर पुंजके एकमेकांना धरून हळूहळू बसतात, अर्ध्या तासाने २५०-३०० मिलीवर थांबतात, आणि नाक जवळ नेलं तर पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास. आपल्या नळीत? ४० मिली, राखाडी-काळं, वरचं पाणी ताकासारखं. हा उपाशी आणि गुदमरलेला प्लांट आहे.

मी एकदा आख्खा प्लांट मेलेला बघितलाय म्हणून एवढा बोलतोय. आमच्या कारखान्यात एका रात्री कोणीतरी पिकलिंगचं, म्हणजे धातूचा गंज काढायचं, वापरलेलं ॲसिड सरळ ईटीपीच्या ड्रेनला सोडलं, टाकीत ठेवायचं होतं, आळस केला. सकाळी शिफ्टला आलो तर गेटपासूनच वास वेगळा, आंबट. टाकीवर पांढरा फेस छातीएवढा. मायक्रोस्कोपखाली रोज आमच्या व्हॉर्टिसेला दिसायच्या, उलट्या घंटीसारखं तोंड आणि खाली दोरीचं देठ, काचेला जरा धक्का लागला की लाजाळूसारख्या आकसतात, मला फार आवडायच्या. त्या दिवशी नुसती देठं. घंट्या गळून गेलेल्या. चुना टाकून पीएच वर आणला, दुसऱ्या प्लांटमधून टँकरने जिवंत गाळ आणला, ट्रॉलीभर शेण, गूळ, युरिया, डीएपी (बीओडी, म्हणजे घाण खायला बग्सना लागणारा ऑक्सिजन, १०० तर नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १, हे प्रमाण मला झोपेत विचारा), आणि पाणी पुन्हा लिमिटमध्ये यायला १९ दिवस लागले. साहेब लोक रोज विचारायचे 'कल्चर टाका ना लवकर होईल', आणि आमचे केमिस्ट म्हणायचे, 'साहेब, बाळंतपण लवकर करता येत नाही.'

दिवाळीत कारखाना चार दिवस बंद असायचा तेव्हा एकजण खास बग्सना गूळ खायला घालायला यायचा. बऱ्याचदा मीच.

मग आपल्या कॉलनीत काय चाललंय बघा. रविवारी सकाळी १२० घरांत एकाच वेळी संडास ॲसिडने घासले जातात. वर फिनेल. मागच्या महिन्यात वरच्या टाक्या धुतल्या तेव्हा ब्लीचिंग पावडरचं सगळं पाणी एसटीपीला जाणाऱ्या त्याच लाइनला सोडलं. रंगाऱ्याने टर्पेंटाइनचे ब्रश बेसिनमध्ये धुतले ते तर मी डोळ्यांनी पाहिलं. एवढं करून सोमवारी नवीन बग्स ओतायचे. ते पण मरणार, आणि कॅनवाला म्हणणार दर महिन्याला डोस लागतो. लागणारच!

तिसरी जागा मात्र वेगळी आहे आणि तिथे मी स्वतः मदत करीन. बागेसाठी ठरवलेला तो मागचा कोपरा, जिथे कॉलनी व्हायच्या आधी गॅरेज होतं आणि वर्षानुवर्षं इंजिन ऑइल जमिनीत मुरलंय, साधारण १२ बाय ८ मीटर, फावडं मारलं तर फूटभर काळं आणि पावसात इंद्रधनुष्याची तवंग. तिथे एक कॅन शिंपडून वर लॉन लावायचा बेत आहे असं ऐकलं. नका लावू हो, लहान मुलं माती तोंडात घालतात.

आधी माती तपासून घ्या, मान्यता असलेल्या लॅबमध्ये, दोन गोष्टी: तेल किती आणि शिसं वगैरे धातू किती. हे दुसरं फार महत्त्वाचं. बग्स तेल खाऊन त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात, पण शिसं हे शिसंच राहतं, जगातला कुठलाही बग ते नाहीसं करू शकत नाही. क्रोमियमसारख्याचा फार तर विषारी सहावाला फॉर्म तुलनेने निरुपद्रवी तिसरावाला करतात, धातू तिथेच. गॅरेजमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडत असतील तर बग्सचा विषयच संपला, ती माती नियमाप्रमाणे उचलून द्यावी लागेल, त्यासाठी प्रदूषण बोर्डाला विचारावं लागेल आणि खर्च येईल, तो येऊ द्या.

धातू नसले तर मात्र मजा आहे. आपली माळव्याची काळी माती ओली झाली की लोण्यासारखी होते आणि सुकली की दगड, हवा आत जातच नाही, म्हणून वरून काही शिंपडून उपयोग शून्य. ती खणून जाड प्लास्टिकवर फूटभर थराने पसरायची, गव्हाचा भुसा आणि मुरलेलं शेणखत मिसळायचं, थोडा युरिया, थोडं डीएपी, बेताने, जास्त झालं तर उलटं होतं. ओल किती? मूठभर माती दाबायची, लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. आठ-दहा दिवसांनी फावड्याने वरखाली करायची. पावसाळ्यात झाकायची, नाहीतर तेलाचं पाणी पुन्हा बोअरकडे. तेल खाणारे बग्स त्या मातीत ऑलरेडी आहेत, इतकी वर्षं तेल खातच जगलेत बिचारे, त्यांना आपण शोधायला जायची गरज नाही. डिझेलसारखं हलकं काही आठवड्यांत उतरतं, इंजिन ऑइलला महिने लागतात, आणि डांबरासारखा शेवटचा भाग पूर्ण जात नाही हे आत्ताच सांगतो, नंतर मला धरू नका. थंडीत काम मंदावतं. म्हणून होळीनंतर सुरू करू, एप्रिल-मेच्या उन्हात पाणी मारत राहावं लागेल, माती सुकली की बग्स झोपतात. दर महिन्याला एक सॅम्पल लॅबला, आणि आकडा नोटीस बोर्डावर लावायचा. कमी होतोय का नाही ते आकडा सांगेल, मी नाही आणि कॅनवाला पण नाही.

ए विंगमधल्या वहिनींनी विचारलं होतं की मग युनियन कार्बाइडचा तो भोपाळचा कचरा, ३३७ टन, पीथमपूरला आणून २०२५ मध्ये जाळला तो बग्सना का नाही घातला. प्रश्न चांगला आहे वहिनी. त्यातलं एचसीएच नावाचं कीटकनाशक खाणारे स्फिंगोबियम जातीचे बग्स आहेत, आपल्याच देशातल्या मातीत सापडलेत, पण ते मातीत पातळ पसरलेलं विष हळूहळू खातात, गच्च विषाच्या गोण्या नाही खात. आणि पारा असेल तर तो तर कोणीच खात नाही. भोपाळच्या कारखान्याच्या आवारात मुरलेली माती अजून आहे, तिथे या बग्सचा विचार करायला जागा आहे असं मला वाटतं. ते जाळणं बरोबर की चूक यावर मी इथे बोलत नाही, आमच्या घरात त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता.

तर समितीला माझं म्हणणं असं: वर्गणी थांबवा, ज्यांनी दिली त्यांना परत करा. आज रात्रीपासून ब्लोअर चालू ठेवा, वाटल्यास १५ मिनिटं बंद ४५ मिनिटं चालू असा टायमर लावा, पण सात तास नाही. कबीटखेडीच्या चालू सांडपाणी प्लांटचा जिवंत गाळ एक टँकर मिळतो का ते मी विचारून बघतो, तो ओतला की आपल्या टाकीला हजार कॅनची बरोबरी होईल. ॲसिडचं घरोघरी मी स्वतः जाऊन सांगीन, मला लाज नाही.

आणि तो माणूस पुन्हा आला तर त्याला बसवा, चहा द्या, आणि त्याच्याच समोर एका बरणीत कल्चर आणि दुसरीत नुसती तुरटी टाका.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी बेसमेंटच्या पायरीवर नळी घेऊन बसणार आहे. ज्यांना ३० मिनिटं वेळ आहे त्यांनी यावं, मुलांना आणावं, नातवाचा मायक्रोस्कोप पण आणतोय. शनिवारी रात्री ब्लोअर बंद केला तर मला लगेच कळेल हां.

आपला,
बी विंगमधला गटारवाला काका